जॅमची तयारी, गाइड आणि दोन हजारांतली पुस्तकं : आष्ट्याच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. आष्ट्याहून एसटीनं रोज सांगलीला ये-जा, बीएस्सीचं शेवटचं वर्ष, मुख्य विषय गणित आणि जोडीला संख्याशास्त्र. गाइड वाचून विद्यापीठाच्या परीक्षेत मार्क चांगले पडतात, पण आयआयटी जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, जुना पेपर पुढ्यात घेतला की पेन हलत नाही. पुढं थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सकडे, म्हणजे संगणनामागच्या गणिताकडे, वळता येईल का, हेही तुला विचारायचंय. पुस्तकांसाठी दोन हजार रुपये बाजूला काढलेत. त्यावर इथल्याच एका सदस्यानं पंचवीसेक पुस्तकांची यादी टाकलीय. यादी चुकीची नाही, पण ती पाहून तुझा गोंधळ वाढला असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सांगलीत बरीच वर्षं बीएस्सीला गणित शिकवलंय, त्यामुळे गाइडवाली मुलं कुठं अडतात ते चांगलं ठाऊक आहे.

आधी पेपर कसा असतो ते बघ. साठ प्रश्न, शंभर मार्क, तीन तास. तीस प्रश्नांत चारपैकी एक पर्याय बरोबर असतो आणि वीस प्रश्नांत उत्तर म्हणून नुसती संख्या लिहायची असते. मधले दहा मात्र असे की एक, दोन, तीन किंवा चारही पर्याय बरोबर असू शकतात आणि नेमके तेवढेच टिपले तर मार्क. गाइडवाली मुलं या दहांत गारद होतात. गाइडमध्ये थिअरम असतो, प्रूफ असतं, 'परीक्षेत तीन वेळा विचारलेला' असा शिक्का असतो. पण थिअरममधली एखादी अट काढून टाकली तर तो कुठं मोडतो, हे गाइड कधीच सांगत नाही. पेपर काढणारा तर तेवढंच विचारतो. म्हणजे तुझ्याकडे प्रमेयं भरपूर आहेत, प्रतिउदाहरणं नाहीत. पुस्तक निवडताना एवढी एकच कसोटी लाव: ते तुला उदाहरणं तयार करायला लावतं का?

या कसोटीवर रिअल अ‍ॅनालिसिससाठी मी डोळे झाकून बार्टल आणि शेरबर्ट यांचं 'इंट्रोडक्शन टू रिअल अ‍ॅनालिसिस' सांगेन. यादीत पहिल्या नंबरला रुडिनचं 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस' आहे, आणि इंटरनेटवर रुडिनचं नाव घेतल्याशिवाय कुणाचं जेवण पचत नाही. पुस्तक थोर आहे, त्यात वाद नाही. 1953 साली निघालेलं, आजही जगभर लावलं जातं. पण त्यात दुसऱ्याच प्रकरणात मेट्रिक स्पेस आणि कॉम्पॅक्ट सेट येतात, सिक्वेन्स (क्रमानं मांडलेल्या संख्यांची न संपणारी रांग) त्यानंतर. ज्यानं सिक्वेन्स हातानं घोटलेल्या नाहीत त्याला कॉम्पॅक्टच्या व्याख्येतलं ओपन कव्हर म्हणजे नुसता शब्दांचा खेळ वाटतो. बार्टल-शेरबर्ट हाच प्रवास उलट्या बाजूनं करतात. आधी संख्यारेषा, मग सिक्वेन्स, लिमिट, सातत्य, आणि टोपॉलॉजीची ओळख थेट शेवटच्या अकराव्या प्रकरणात. मुख्य म्हणजे प्रत्येक विभागाखालची उदाहरणं. 'लागोपाठच्या पदांतला फरक शून्याकडे गेला तरी सिक्वेन्स कोशी (पुढची सगळीच पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येणारी) असेलच असं नाही' हे नुसतं वाचलं तर आठवड्यात विसरशील. एन-वं पद म्हणजे एनचं वर्गमूळ, अशी सिक्वेन्स घेऊन ते स्वतः दाखवलंस तर पेपरात तो पर्याय दिसताक्षणी खोडशील. तसंच 'मर्यादित आणि सतत फंक्शन युनिफॉर्मली सतत असतं' या वाक्यापुढं शून्य ते एक या खुल्या अंतरावरचं साइन एक छेद एक्स उभं केलं की विषय मिटला.

अशा उदाहरणांची एक वेगळी वही कर. डाव्या पानावर खोटं विधान, उजव्या पानावर ते मोडणारं उदाहरण. गेलबॉम आणि ओल्मस्टेड यांचं 'काउंटरएग्झाम्पल्स इन अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक अशाच उदाहरणांनी भरलेलं आहे. पण ते आधी उघडू नकोस, वही निम्मी भरल्यावर ताडून बघायला घे.

बार्टल जड वाटलं तर अजित कुमार आणि कुमारेसन यांचं 'अ बेसिक कोर्स इन रिअल अ‍ॅनालिसिस' आहे. आपल्याकडच्या मुलांना कुठं अडचण येते ते ओळखून लिहिलंय. टेरेन्स ताओचं दोन भागांतलं 'अ‍ॅनालिसिस' हिंदुस्तान बुक एजन्सीनं भारतात छापलंय. ते नैसर्गिक संख्यांपासून, अगदी पेआनोच्या गृहीतकांपासून सुरुवात करतं. वाचायला फार सुंदर, पण तुझ्याकडे आता महिने आहेत, वर्षं नाहीत. प्रवेश झाल्यावर वाच.

लिनिअर अल्जिब्राला कुमारेसन यांचंच 'लिनिअर अल्जिब्रा: अ जॉमेट्रिक अ‍ॅप्रोच' घे. लहान आहे, स्वस्त आहे. हॉफमन-कुंझे यांचं 'लिनिअर अल्जिब्रा' ग्रंथालयात बघ. अ‍ॅक्सलरचं 'लिनिअर अल्जिब्रा डन राइट' मला फार आवडतं आणि त्याची चौथी आवृत्ती लेखकानं स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट ठेवलीय. फक्त त्यात डिटर्मिनंट मुद्दाम शेवटच्या प्रकरणापर्यंत टाळलेत. जॅममध्ये ते पहिल्या पानावरही येऊ शकतात, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबू नकोस. ग्रुप थिअरीला गॅलियनचं 'कंटेम्पररी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा' पुरे.

आता संख्याशास्त्र. इथं मला थोडं जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे हा विषय सूत्रांची यादी म्हणून शिकला जातो. गुप्ता-कपूर यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक प्रत्येक कॉलेजात आहे, तुझ्याकडेही असेल. ते फेकू नकोस. सोडवलेल्या उदाहरणांचं ते कोठार आहे आणि कोठार म्हणूनच वापर. संभाव्यता मात्र शेल्डन रॉसच्या 'अ फर्स्ट कोर्स इन प्रॉबॅबिलिटी'मधून शिक. त्यातली गणितं वाचायला सोपी आणि सोडवायला फसवी असतात. जॅमला नेमकं तेच लागतं. अनुमानशास्त्रासाठी, म्हणजे नमुन्यावरून निष्कर्ष काढण्यासाठी, हॉग आणि क्रेग यांचं पुस्तक.

फेलरच्या संभाव्यतेवरच्या पुस्तकाचा पहिला खंड (1950) परीक्षेसाठी वाचू नकोस, पण सुट्टीत त्यातलं नाणेफेकीवरचं प्रकरण जरूर वाच. दोघंजण बराच वेळ नाणं उडवत बसले तर आघाडी साधारण निम्मा-निम्मा वेळ दोघांकडे राहील, असं कुणालाही वाटतं. गणित सांगतं की जवळजवळ सगळा वेळ एकाच्याच बाजूनं आघाडी राहणं हे निम्म्या-निम्म्या वाटणीपेक्षा जास्त संभवनीय आहे. हे पटायला मला स्वतःला प्रूफ दोनदा वाचावं लागलं होतं.

आणि एक पुस्तक यादीत नाही, ते मी मुद्दाम सांगतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं 'सॅम्पलिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ अ‍ॅप्लिकेशन्स', 1954 सालचं. सुखात्मे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातल्या बुधचे, जन्म 1911. पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पाहणीनं कसा काढायचा, यावर त्यांनी मोठं काम केलं आणि त्यावरून त्यांचा थेट प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस यांचा कल शेतातले लहान तुकडे नमुना म्हणून कापण्याकडे होता, कारण त्यात खर्च कमी. सुखात्मे म्हणत, लहान तुकड्यात उत्पन्न हटकून जास्त दिसतं.

का, ते कागदावर करून बघ. एक मीटर बाजूचा चौकोन आखलास आणि कडेची रोपं आत धरायच्या मोहात प्रत्येक बाजूला दहा सेंटिमीटर जास्त कापलंस, तर बाजू 1.2 मीटर होते आणि क्षेत्र 1.44 चौरस मीटर. म्हणजे 44 टक्के फुगवटा. तीच चूक दहा बाय पाच मीटरच्या तुकड्यात केलीस तर 10.2 गुणिले 5.2 म्हणजे 53.04, फुगवटा सहा टक्क्यांच्या आसपास. चूक तीच, फरक फक्त क्षेत्राच्या मानानं कड किती लांब याचा. आणि गंमत अशी की लहान तुकडे कितीही जास्त घेतलेस तरी हा फुगवटा जात नाही. नमुना वाढवला की व्हेरिअन्स (अंदाजातला चढउतार) कमी होतो, बायस (एकाच दिशेची चूक) तसाच राहतो. 'अनबायस्ड एस्टिमेटर'ची व्याख्या तू दहा वेळा लिहिली असशील. गावात तलाठी आणि कृषी सहायक पीक कापणी प्रयोगाला येतात तेव्हा तुकडा कसा आखतात ते एकदा उभं राहून बघ, त्या व्याख्येत काय पणाला लागलंय ते कळेल. सुखात्म्यांचं अख्खं पुस्तक आत्ता वाचायची गरज नाही. ग्रंथालयात मिळालं तर स्तरित नमुना निवडीचं प्रकरण तेवढं वाच.

सी. आर. राव यांचं 'लिनिअर स्टॅटिस्टिकल इन्फरन्स' कुणीतरी सुचवलंय. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाआधी त्याला हात लावू नकोस.

थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचं उत्तर सरळ 'हो' आहे, आणि प्रोग्रामिंग फारसं येत नाही याची इतक्यात काळजी नको. सिप्सरचं 'इंट्रोडक्शन टू द थिअरी ऑफ कम्प्युटेशन' गणिताच्या विद्यार्थ्याला कादंबरीसारखं वाचता येतं. प्रूफच्या आधी तो त्यामागची कल्पना साध्या भाषेत वेगळी मांडतो, ही सवय इतर लेखकांनी उचलायला हवी होती. बार्टलच्या दुसऱ्या प्रकरणात वास्तव संख्या मोजता येत नाहीत याचं कर्णावरचे अंक बदलण्याचं प्रूफ आहे ना? तीच युक्ती घेऊन ट्युरिंगनं 1936 साली दाखवलं की काही प्रश्न कुठल्याच यंत्राला सुटणार नाहीत. सिप्सरमध्ये ते चौथ्या प्रकरणात येतं. एवढं समजलं तर या विषयात तुझा अर्धा पाय आत आहे.

अल्गोरिदमसाठी कॉर्मेन आणि मंडळींचा हजारावर पानांचा ठोकळा विकत घेऊ नकोस, तो संदर्भासाठी. जेफ एरिकसनचं 'अल्गोरिदम्स' लेखकानंच फुकट उपलब्ध केलंय आणि रिकर्शन त्याच्याइतकं नीट समजावलेलं मी क्वचितच पाहिलंय. सोबतीला एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांची व्याख्यानं आहेत. क्नूथच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग'चे खंड आत्ता नकोत. त्यातली एक गंमत मात्र सांगतो. तो प्रत्येक उदाहरणाला शून्य ते पन्नास असा अवघडपणाचा दर्जा देतो, पन्नास म्हणजे अजून कुणालाच न सुटलेलं. फर्माचं शेवटचं प्रमेय त्यानं उदाहरण म्हणून घातलं होतं, दर्जा पन्नास. वाइल्सनं ते सिद्ध केल्यावर पुढच्या आवृत्तीत दर्जा पंचेचाळीसवर आणला.

आता दोन हजारांचं. बार्टल-शेरबर्टची भारतीय आवृत्ती, कुमारेसन यांचं लिनिअर अल्जिब्रा आणि रॉस, एवढी तीनच विकत घे. जुन्या प्रती मिळाल्या तर पैसे उरतीलही. आवृत्ती एक-दोन मागची चालते, फक्त उदाहरणांचे क्रमांक बदलतात. बाकीची कॉलेजच्या ग्रंथालयातून घे. विभागाचं स्वतंत्र कपाट असतं, ते उघडायला सांग. त्यात चांगली पुस्तकं कोऱ्या पानांची पडलेली असतात, कारण कुणी मागतच नाही. तिथं नसेल ते शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात बघता येईल. सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरला जायचं तर प्राचार्यांचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेव, आणि आधी फोन करून वेळ विचार.

उन्हाळ्यातल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणिताच्या शिबिराला अर्जही कर. 1993 पासून चालू आहे, चार आठवडे तिथं शिक्षक तुम्हालाच फळ्याजवळ उभं करून प्रश्न विचारत राहतात. ते जमलं तर या यादीतली निम्मी पुस्तकं आपोआप वाचून होतील.

सुरुवात बार्टलच्या विभाग 3.5 पासून कर. तिथं कॉन्ट्रॅक्टिव्ह सिक्वेन्स येते: लागोपाठचा प्रत्येक फरक आधीच्या फरकाच्या ठरावीक पटीत बसतो आणि ती पट एकपेक्षा लहान असते. अशी सिक्वेन्स कन्व्हर्ज होते, म्हणजे एकाच ठरावीक संख्येकडे जाते. आता ती ठरावीक पट काढून टाक आणि 'प्रत्येक फरक आधीच्यापेक्षा लहान' एवढंच ठेव. तरीही कन्व्हर्ज होईल का? प्रूफ किंवा उदाहरण, जे असेल ते वहीत लिही आणि फोटो इथंच टाक. मी रविवारी बघतो.