सातवीच्या मुलांना गाडी बनवायला देऊन विज्ञान कसं शिकवता येईल?

बॅटरी-मोटरच्या किटने सुरुवात करावी का, असंही तुम्ही विचारलंय. मी स्वतः विज्ञान शिकवतो आणि माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात किटने करू नका. ती गाडी पहिल्याच दिवशी पळते, टाळ्या पडतात आणि प्रश्न विचारायला कुणाला कारणच उरत नाही. रबरबँडची गाडी घ्या.

पुठ्ठा, स्ट्रॉ, स्ट्रॉमध्ये सैल फिरणारी बांबूची काडी म्हणजे अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा), आणि चाकांना बाटलीची झाकणं किंवा जुन्या सीडी. रबरबँड पुढे अडकवायचा, त्याचं दुसरं टोक मागच्या अ‍ॅक्सलवर गुंडाळायचं.

आता पळवण्याआधी गणित करायला लावा. तीन सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचा परीघ साधारण ९.४ सेंटिमीटर, बारा सेंटिमीटरच्या सीडीचा ३७.७. एक वेढा उलगडला की चाकाची एक फेरी होते, म्हणून दहा वेढे दिले तर रबरबँड झाकणाच्या गाडीला ९४ सेंटिमीटर ढकलेल, सीडीच्या गाडीला पावणेचार मीटर. मग सगळेच सीडी मागतात! तेव्हा विचारा, रबरबँड तोच, वेढे तेवढेच, मग जास्तीचं अंतर फुकट कसं मिळेल? चाक चौपट मोठं झालं की जमिनीवर मिळणारा रेटा चौथा हिस्सा होतो. गाडी जड असेल तर सीडीवर ती जागची हलतही नाही. ‘कार्य = बल × विस्थापन’ हे सूत्र फळ्यावर लिहायची खरी वेळ ही.

घर्षणाचंही तसंच. ‘घर्षण वाईट’ असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. गुळगुळीत फरशीवर सीडी जागेवरच गरगरते. तिच्या कडेला फुग्याची कापलेली रिंग चढवा, पकड येते. तेच घर्षण स्ट्रॉमध्ये मात्र नको असतं. एका वेळी एकच बदल करायचा, हे मात्र कडकपणे पाळा.

शर्यत ठेवलीत तरी गुण वेगाला देऊ नका. आधी वर्तवलेलं अंतर, मोजलेलं अंतर आणि फरक का पडला याची वहीतली नोंद, यालाच गुण द्या.

साहित्याची अडचण असेल तर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांचं काम पाहा. पुण्याच्या टेल्कोत ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर असताना १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे नि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या केल्या. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत.