गाडीतल्या नकाशाच्या कार्डावर बोनस घालवू का? आधी केबल बदलून बघा

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं सरळ प्रश्न आहे, कार्ड घ्यायचं की नाही, दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमचं दुखणं वेगळंच आहे. त्याच्याकडे येतोच.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी सेकंडहँड, सहा वर्षं जुनी, अजून तीन वर्षं वापरायची म्हणताय. स्क्रीनवर नेव्हिगेशनचा आयकॉन आहे पण तो दाबला की 'कार्ड घाला' असा मेसेज येतो आणि खालचा छोटा स्लॉट, म्हणजे नकाशाचं मेमरी कार्ड (एसडी कार्ड) घालायची खाच, रिकामा. सर्व्हिस सेंटरने ओरिजिनल कार्डाची जी किंमत सांगितली ती तुमच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या साधारण सहावा हिस्सा, पुढचा प्रत्येक अपडेट कार्डाच्या ४० टक्के किमतीत. ऑनलाइन एक जण 'अगदी तेच' कार्ड पाव किमतीत देतोय. बोनस येणार आहे, क्रेडिट कार्डावर 'थोडी' थकबाकी आहे, आणि 'हिचं म्हणणं फोन आहे की'.

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण सांगितल्याशिवाय घरात भांडण मिटणार नाही म्हणून सविस्तर लिहितो.

रुपये-पैसे बाजूला ठेवा आणि कार्डाची किंमत १०० धरा. तीन वर्षांत एक अपडेट तरी घ्याल, नाहीतर शेवटच्या वर्षी बायपास झालेला असेल आणि तुमची गाडी अजून जुन्या रस्त्याने गावातून फिरवत असेल. म्हणजे १४०. गाडी विकताना कार्डाचे फार तर १० परत मिळतील, आणि तेही मी उदार होऊन धरतोय, कारण जुन्या गाड्यांच्या जाहिराती तुम्हीच बघा, 'नकाशाचं कार्ड आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मोजतंय का. तर १३०. आता तुम्हीच लिहिलंय की नेटवर्क नसलेल्या डोंगरातल्या साइटवर वर्षातून चार वेळा जाता, म्हणजे तीन वर्षांत १२ फेऱ्या. १३० भागिले १२, एका फेरीला जवळजवळ ११. दर वेळी तिकडे जाताना कार्डाच्या किमतीचा नववा हिस्सा खिडकीतून बाहेर टाकायचा. आणि खरं सांगू का, चार-पाच वेळा जाऊन आल्यावर तो रस्ता तुम्हाला झोपेतसुद्धा येईल, मग स्क्रीनवरची बाई काहीही सांगू दे.

बरं हे हिशेब कर्ज नसलेल्या माणसाचे. तुमच्यावर थकबाकी आहे. 'थोडी' हा आकडा नाही हो, पण असो. समजा महिन्याला ३ टक्के व्याज लागतंय. बोनसमधले १०० थकबाकीत न भरता कार्डात घातले तर ते १०० देणं तसंच राहतं आणि वर्षभरात १४२ च्या पुढे जातं, तीन वर्षं तसंच खेचलंत तर २९०. कार्ड तुम्हाला शंभराला मिळत नाहीये, अशा अवस्थेत ते तिपटीला पडतंय. दुसरी कुठलीच गुंतवणूक तुम्हाला खात्रीने इतके पैसे मिळवून देणार नाही जितके थकबाकी फेडून वाचतील. त्यामुळे बोनस आला की पहिला हात तिकडे, यावर माझ्याकडे चर्चा नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, 'नेटवर्क नसतं तिथे फोनचं जीपीएस बंद पडतं म्हणून कार्ड हवंय'. इथेच गफलत आहे आणि ती खूप जणांची असते. जीपीएसला मोबाईल नेटवर्क लागत नाही. वीस हजार किलोमीटरहून जास्त उंचीवर फिरणारे उपग्रह सिग्नल पाठवत असतात, त्यातले चार दिसले की फोनला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि त्याचं बिल कोणी पाठवत नाही. नेटवर्क गेल्यावर गायब होतो तो नकाशा, कारण तो तुकड्या-तुकड्याने इंटरनेटवरून येत असतो. म्हणून स्क्रीनवर राखाडी पाटी आणि त्यावर निळा ठिपका एकटाच सरकत असतो, बघितलं असेल तुम्ही. तो ठिपका सरकतोय म्हणजे जीपीएस व्यवस्थित चालू आहे!

उपाय फुकटातला आहे. गूगल मॅप्समध्ये २०१५ पासून एखादा भाग डाउनलोड करून ऑफलाइन रस्ता दाखवायची सोय आहे, घरच्या वायफायवर तो सगळा डोंगराळ पट्टा उतरवून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड अशी ॲप्स तर ऑफलाइनसाठीच बनवलेली आहेत. ट्रॅफिक दिसणार नाही हे खरं, पण कार्डावरच्या नकाशालाही ट्रॅफिक आपोआप कळत नसतो, त्याला वेगळी सोय लागते, आणि तुमच्या त्या साइटच्या रस्त्यावर ट्रॅफिक म्हणजे काय तर गुरं. दोन गोष्टी मात्र पाळा. निघायच्या आधी नेटवर्क असतानाच रस्ता सुरू करा, कारण नेटवर्कशिवाय फोनला पहिल्यांदा उपग्रह सापडायला वेळ लागतो. आणि डाउनलोड केलेला भाग काही काळाने एक्स्पायर होतो, तेव्हा ऑटो अपडेट चालू ठेवा नाहीतर ऐन घाटात कळेल.

आता तुमचं खरं दुखणं. पत्रात नकाशाबद्दल तक्रार एक आहे, केबलबद्दल तीन. 'अँड्रॉइड ऑटो मध्येच तुटतं', 'खड्डा आला की स्क्रीन काळी होते', 'केबल गिअरपाशी लोंबते म्हणून ही चिडते'. अहो, म्हणजे तुमच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो आहे! गाडीच्याच मोठ्या स्क्रीनवर फोनचा ताजा नकाशा दिसतो आणि तुम्ही जुन्या नकाशाचं कार्ड घ्यायला निघालात. एक मीटरपेक्षा कमी लांबीची, डेटा जाणारी चांगली केबल घ्या. नुसती चार्जिंगची नको, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात आणि तिथेच लोक फसतात. त्याआधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने त्याच्या चार्जिंगच्या भोकात हळूच फिरवून बघा. माझ्या फोनमधून तर खिशातल्या धाग्यांचा चांगला बोळा निघाला होता, दाबून दाबून बसलेला, आणि मी दोन महिने गाडीला शिव्या देत होतो. बोळा निघाल्यावर केबल टक्क करून बसली आणि विषय संपला. खर्च शून्य.

एवढं करूनही तुटत राहिलं तर गाडीचा यूएसबी पोर्ट सैल असेल, तो सर्व्हिसमध्ये दाखवा. तोही कार्डापेक्षा स्वस्तात सुटायची शक्यता जास्त.

पाव किमतीतलं ऑनलाइन कार्ड? नको. का ते सांगतो, नैतिकतेचा डोस देत नाही. प्रत्येक एसडी कार्डाला कारखान्यातच एक ओळख क्रमांक मिळालेला असतो आणि अनेक गाड्यांमध्ये नकाशा त्या क्रमांकाला बांधलेला असतो, नुसत्या फाइल्स कॉपी केल्या की गाडी ते कार्ड ओळखतच नाही. काही जण तो क्रमांकही बदललेलं कार्ड विकतात, ते चालतंही, आणि मग एखाद्या दिवशी सर्व्हिसमध्ये सिस्टीमचं सॉफ्टवेअर अपडेट होतं आणि कार्ड बंद. विकणाऱ्याचं खातं तोपर्यंत नाव बदलून बसलेलं. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू दोनदा घ्यावी लागली की ती महागच.

ओरिजिनल कार्डाचंही एक सांगून ठेवतो. काही कंपन्यांची कार्डं एकदा गाडीत वापरली की त्याच गाडीला लॉक होतात, मग परत घेणार नाहीत आणि दुसऱ्याला विकताही येणार नाहीत. शिवाय नुसता स्लॉट आहे म्हणजे नेव्हिगेशन चालेलच असं नाही, एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये स्क्रीन सारखी दिसते पण एकात जीपीएसचा अँटेनाच बसवलेला नसतो आणि स्लॉट फक्त गाण्यांसाठी असतो. तुमच्यात मेसेज येतोय म्हणजे सोय असावी, तरी चासी नंबर देऊन पार्ट्सच्या काउंटरवर लेखी विचारून घेतल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

मी हे सगळं पुस्तकातून सांगत नाहीये, माझे स्वतःचे पैसे यात गेलेत. मागच्या गाडीत मी हौसेने नकाशा घेतला होता, महागातला, कुठल्या कंपनीचा ते सोडा. पत्ता टाकायचा तर एकेक अक्षर दाबायचं, स्क्रीन अर्धा सेकंद विचार करणार, मग पुढचं अक्षर. तीन आठवड्यांत मी परत फोनवर आलो. पुढे एप्रिल २०१९ मध्ये एके सकाळी जीपीएसवरून तारीख घेणारं गाडीचं घड्याळ मला १९९९ मध्ये घेऊन गेलं. जीपीएस आठवडे मोजतं ते १०२४ पर्यंतच, मग परत शून्यापासून सुरू, आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो आकडा शून्यावर आला. नव्या सिस्टीमना हे माहीत होतं, माझ्या जुन्या युनिटला नव्हतं. अपडेट मागितला तर सांगितलं की त्या मॉडेलसाठी आता काढत नाही. फोन मात्र त्या दिवशीही बरोबर तारीख दाखवत होता. फोन मेला तर आपण बदलतो, गाडीतलं युनिट थोडंच बदलतो.

आता उलट बाजू, कारण ती नाही असं नाही. गाडीतलं नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून अंदाज घेत लांब बोगद्यातही जागा बऱ्यापैकी धरून ठेवतं, फोन तिथे गडबडतो. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून मंद होतो किंवा बंदच पडतो (केबल चांगली असली की तो डॅशबोर्डवर ठेवायची गरजच नाही, खाली सावलीत ठेवा). इलेक्ट्रिक गाडी असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, कारण काही गाड्यांमध्ये आतल्या नेव्हिगेशनमध्ये फास्ट चार्जर टाकला तरच पोचायच्या आत बॅटरी योग्य तापमानाला आणली जाते, आणि ते पैसे वसूल होतात. रोज नेटवर्कबाहेर गाडी चालवणाऱ्याचाही हिशेब वेगळा, त्याच्या फेऱ्या १२ नसतात, ८०० असतात.

वडिलांचा मुद्दा तुम्ही शेवटी, सहज म्हणून लिहिलाय, पण मला तोच सगळ्यात वजनदार वाटला. ते स्मार्टफोन वापरत नाहीत आणि अधूनमधून गाडी नेतात. कार्डाच्या बाजूने खरा मुद्दा असेल तर हाच. पण त्यांना विचारलंत का? तुम्हीच लिहिता की ते तीनच ठिकाणी जातात आणि तिन्ही रस्ते त्यांना चाळीस वर्षं माहीत आहेत. माझा अंदाज, त्यांना स्क्रीन नकोय, उशीर झाला तर तुम्हाला कळवता यावं एवढंच हवंय. त्यासाठी साधा फोन पुरतो.

तेव्हा माझ्या मते सध्या कार्ड नको. बोनसमधून आधी थकबाकी पूर्ण, मग केबल, आणि पुढच्या दोन साइट फेऱ्या ऑफलाइन नकाशावर करून बघा. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा आणि फोनने खरंच दगा दिला की तारीख टाकून एक ओळ लिहा, नुसतं 'कंटाळा आला' चालणार नाही, रस्ता चुकला किंवा थांबावं लागलं तरच. सहा महिन्यांत पाच ओळी झाल्या तर कार्ड रोखीने घ्या, हप्त्यावर नाही, आणि घेताना त्यावर नकाशाच्या आवृत्तीचं वर्ष काय छापलंय ते बघून घ्या, पडून राहिलेला जुना माल गळ्यात मारतात.

केबल बदलल्यावर काय झालं ते कळवा. आणि पुढच्या पत्रात थकबाकीचा आकडा लिहा, 'थोडी' म्हणजे किती ते मला आणि बहुतेक वहिनींनाही कळलेलं नाही.