आधी मुदत ठरव, मग विषाणू

बाय, ताळगाव पठारावरच्या लॅबमध्ये आयलेटवर, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांवर, काम सुरू करतेयस, फार आनंद झाला. पण पेशीत जनुक पोचवणारा विषाणू निवडण्याआधी ठरव, जनुक किती काळ चालायला हवं? रोपणानंतर नव्या रक्तवाहिन्या रुजेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, पेशी तगवायच्या असतील तर ॲडेनोव्हायरस पुरतो. तो प्रतिकारशक्तीला मात्र चटकन चेतवतो. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा त्यामुळेच दगावला. लेन्टिव्हायरस पेशीच्या डीएनएत कायमचा बसतो. कुठे बसेल, ही धास्ती राहते. माझा कल एएव्हीकडे (ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस, हा ॲडेनोव्हायरसहून वेगळा), पण त्यात जेमतेम ४.७ किलोबेस, म्हणजे ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो.

खरी अडचण पुढे आहे. आयलेट म्हणजे हजारभर पेशींचा गोळा, विषाणू बहुतेक बाहेरच्या थरातच अडकतो. म्हणून मात्रा वाढवत नेलीस तर पेशीच मरतील. काप घेऊन गाभा स्वतः बघ. उपयोगी जनुक नसलेल्या विषाणूचा कंट्रोल तुलनेसाठी हवाच, आणि ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन स्रवतं का तेही तपास.

विषाणूचा साठा छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेव. पावसाळ्यात वीज गेली आणि तो वितळून परत गोठला तर कमजोर होतो. जैवसुरक्षा समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय नळी उघडू नकोस.