डॉर्सेटच्या किनाऱ्यावर दोन दिवस

प्रश्न: मुलगा लंडनला नोकरीला आहे, जूनमध्ये आम्ही दोघं तिकडं चाललोय. तो म्हणतो दोन दिवस डॉर्सेटचा समुद्र बघू, तिथं डर्डल डोअर म्हणून दगडाची मोठी कमान आहे. हिचे गुडघे दुखतात, झेपेल का? अजून काय बघावं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: काका, जरूर जा, पण काकूंना डर्डल डोअरला खाली उतरवायचा हट्ट नको, पार्किंगपासूनच उतार लागतो, पुढं पायऱ्या, आणि येताना तेवढंच सगळं चढायचं. शेजारी लल्वर्थ कोव्ह आहे, गोल खाडी, रस्ता सोपा, काकू तिथं निवांत बसतील, तुम्ही मुलाबरोबर कमान बघून या.

मुक्काम वेमथला करा. लंडनच्या वॉटर्लूवरून थेट ट्रेन, जवळपास तीन तास, बीच वाळूचा आणि कडेनं सपाट रस्ता.

पण माझं ऐकाल तर एक अख्खा दिवस चारमथ आणि लाइम रीजिस या शेजारशेजारच्या गावांना द्याच. हा किनारा २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे तो नुसत्या देखाव्यासाठी नाही, साडेअठरा कोटी वर्षांचे खडक इथं ओळीनं उघडे पडलेत. चारमथला करड्या चिखलाच्या दरडी सारख्या ढासळतात आणि त्यातनं अमोनाइट, म्हणजे दगड झालेले जुन्या समुद्री जिवांचे शंख, निघतात, नखाएवढे, काही तर पितळेसारखे चमकतात. देवघरातला शाळिग्राम बघा, तोही अमोनाइटच, फक्त हिमालयातला. लाइममध्येच १७९९ साली मेरी अ‍ॅनिंग जन्मली, गरीब सुताराची पोर, तिनं या दरडी धुंडाळून १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या, नामशेष झालेल्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा अख्खा सांगाडा काढला, पण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं, म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांच्या संस्थेनं, बायकांना सभासद करून घेतलं ते थेट १९१९ मध्ये, तोवर ती जाऊन सत्तर वर्षं झाली होती. हे वाचलं की मला अजून राग येतो. तिच्या गावातलं म्युझियम चुकवू नका.

बीचवर सुटे पडलेले दगड शोधा, दरडीवर हातोडा नको आणि दरडीच्या खाली तर उभंच राहू नका, खरंच कोसळतात. ओहोटी लागली की उतरायचं, भरती सुरू व्हायच्या आत परत.

जूनमध्येही वारा गार असतो, स्वेटर घ्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, पेढे-तूप मात्र नको, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत.