कोकण रेल्वेत व्हिडिओ बघायचेत?
बोगद्यांत रेंज जाणारच. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळं उतरवून ठेवा. फोनच्या स्क्रीनला 480पी दर्जाचा व्हिडिओ पुरतो, जास्त स्पष्ट 1080पी नुसती जागा खातं. यूट्यूब ॲपमधलं डाउनलोड त्याच ॲपमध्ये चालतं, फाइल म्हणून दुसरीकडे नेता येत नाही, आणि बरेच दिवस नेटला जोडलं नाही तर बंदही पडतं. म्हणून निघण्याआधी एअरप्लेन मोडवर एकदा लावून बघाच.

स्वतःच्या फाइली मेमरी कार्डावर टाकणार असाल, तर फॅट32 (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) फॉरमॅटचं कार्ड 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. कॉपी अडकते आणि माणूस उगाच कार्डाला शिव्या घालतो. चालवायला व्हीएलसी हे व्हिडिओ ॲप उत्तम. आणि हेडफोन लावा हो, तुमची मालिका अख्ख्या डब्याला नकोय!