चित्रपुस्तक लिहायचं आहे, पण चित्र काढता येत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की चार-पाच बालकथा लिहून तयार आहेत, चित्रकला येत नाही, तर आधी चित्रकार शोधावा का, प्रकाशकाकडे काय पाठवावं आणि मुळात असं लिहायला सुचतं कसं. मी पहिल्या प्रश्नावरच अडकणार आहे, कारण बहुतेक संहिता तिथेच मार खातात.

चित्रकार आत्ता शोधू नका. चार ए-फोर कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. सोळा पानांची वही झाली. हीच डमी. तुमच्या ‘तयार’ गोष्टींपैकी एक हिच्यात पेन्सिलीने बसवायला घ्या. ती तयार नव्हती हे तासाभरात कळेल.

पानं सोळाच का, तर छापखान्यात मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पानं एकत्र छापून मग तो कागद दुमडतात. त्याला फर्मा म्हणतात. म्हणून चित्रपुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानांची निघतात. सोळा पानांत पान १ उजवीकडे एकटं, तिथे पुस्तकाचं नाव. मग २-३ पासून १४-१५ पर्यंत सात जोडपानं, आणि १६ डावीकडे एकटं. श्रेयनामावली मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ढकलली की गोष्टीला सात जोडपानं आणि एक शेवटचं पान मिळतं. एवढीच जागा.

आता यातली गोम. उजवं पान नेहमी विषम आकड्याचं असतं, आणि पान उलटलं जातं ते तिथेच. म्हणजे उत्सुकता ताणायची ती ३, ५, ७, ९ या पानांच्या शेवटी, आणि उत्तर द्यायचं ते ४, ६, ८, १० वर. सहाव्या पानावर प्रश्न आणि सातव्यावर उत्तर असेल तर दोन्ही एकदम समोर येतात. मूल चित्र आधी बघतं आणि शब्द मागून ऐकतं. तुम्ही कितीही रंगवून वाचा, रहस्य फुटलेलंच असतं.

हे मला एका कोंबडीने शिकवलं. गोष्ट अशी: सुमी आणि तिची आजी मावशीच्या गावाला निघाल्या आहेत, एसटी स्टँडवर बसल्या आहेत, आजीच्या कापडी पिशवीत कोंबडी आहे. ती निसटते, स्टँडभर फिरते आणि गाडी यायच्या वेळी आपणहून पिशवीत परत येते. पहिला खर्डा ६४० शब्दांचा होता. त्याची सुरुवात इथे देतो:

‘सुमी आजीबरोबर एसटी स्टँडवर आली. स्टँडवर खूप गर्दी होती. आजीने हिरवे लुगडे नेसले होते. तिच्या हातात एक निळी कापडी पिशवी होती. पिशवीत एक तांबडी कोंबडी होती. ही कोंबडी सुमीच्या मावशीकडे न्यायची होती.’

व्याकरण चोख आहे, आणि तरी यातलं एकही वाक्य चित्रपुस्तकाचं नाही. गर्दी चित्रात दिसते. हिरवं लुगडं चित्रात दिसतं. निळी पिशवी आणि तांबडी कोंबडीही दिसते. चित्रकाराने हेच पुन्हा काढलं तर पानावर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, आणि मूल शब्द ऐकायचं सोडून देतं.

शेवटच्या खर्ड्यात पान २-३ वर एवढंच उरलं: ‘गाडी अजून आली नाही.’ आणि ४-५ वर: ‘“पिशवीवर लक्ष ठेव हं,” आजी म्हणाली.’ चित्रात पिशवीच्या तोंडातून लाल तुरा डोकावतोय. कोंबडी हा शब्द अख्ख्या पुस्तकात नाही. सगळे मिळून ९४ शब्द.

मधल्या डम्यांमध्ये दोन चुका झाल्या, त्या सांगतो, कारण त्या सगळ्यांच्याच होतात. पहिली: रिकामी पिशवी पान ६ वर आणि पळणारी कोंबडी पान ७ वर होती. वर सांगितलेला घोळ तो हाच. सगळं एक पान पुढे सरकवलं. पान ७ वर फक्त सैल पडलेली पिशवी, आणि उलटल्यावर ८-९ वर मोकाट कोंबडी, बिनशब्दांची. ८-९ हे सोळा पानांच्या पिनवाल्या पुस्तकाचं मधलं जोडपान, आणि तिथेच दोन्ही पानांचा कागद सलग असतो. बाकीच्या जोडपानांत डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या कागदांवर असते, त्यामुळे बांधणीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. सगळ्यात मोठं, दोन्ही पानांवर पसरलेलं दृश्य मधोमध ठेवा. ३२ पानांत ती जागा १६-१७ वर येते.

दुसरी चूक: १०-११ वर कोंबडीची मान नेमकी घडीत आली होती. घडीत चेहरा, हात, अक्षर, काहीही महत्त्वाचं येऊ द्यायचं नाही. तुम्ही म्हणाल हे चित्रकाराचं काम. पण तुमच्या मजकुरात एकाच वाक्यात ‘सुमी या टोकाला, आजी त्या टोकाला आणि मध्ये कंडक्टर’ असेल, तर कंडक्टरला घडीत तुम्हीच उभा केलाय.

डमी झाली की ती स्वतः वाचून दाखवू नका. ज्याने गोष्ट कधी ऐकलेली नाही अशा मोठ्या माणसाच्या हातात द्या, त्याला चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर वाचू द्या आणि तुम्ही मागे बसा. तुम्ही वाचता तेव्हा संहितेतली भोकं आवाजाने बुजवता. दुसरा माणूस अडखळला की ते वाक्य मोडलेलं आहे, तिथे खूण करा. मुलांची नजर पानावरून उठली तिथेही खूण करा. मुलं आपली नसावीत. घरची मुलं प्रेमापोटी शेवटपर्यंत बसतात.

सुचण्याबद्दल. प्रेरणेची वाट बघत बसणं मला पटत नाही. अमेरिकन लेखक-चित्रकार एरिक कार्लचं खादाड सुरवंटाचं पुस्तक, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, १९६९ साली आलं, त्याची सुरुवात कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडताना झाली. भोकं बघून पुस्तकातली कसर आठवली, नायक आधी एक अळी होता, आणि अॅन बेनेड्यूस या संपादिकेने सुरवंट सुचवला, म्हणून शेवटी फुलपाखरू मिळालं. म्हणजे कल्पना कागदातून आली आणि शेवट संपादनातून. तुम्हीही वस्तू हातात घेऊन बघा: उघडणारी पिशवी, दुमडलेली घोंगडी, एकावर एक डबे असलेला टिफिन. जमिनीवर बसा आणि तिथून खोली बघा. तीन वर्षांच्या मुलाची नजर जेमतेम टेबलाच्या उंचीवर असते, त्याला टेबलाच्या वरच्या भागापेक्षा खालचा जास्त दिसतो.

मग कल्पनेला एक कसोटी लावा. सात जोडपानांवर सात वेगळी चित्रं होतात का? दोन पात्रं एका खोलीत बसून बोलतायत, हे कितीही गोड असलं तरी चित्रपुस्तक नाही. ती कथा आहे. ती ‘किशोर’सारख्या मासिकाला पाठवा, तिथे तिला न्याय मिळेल.

भाषेबद्दल दोन गोष्टी. पुस्तक मोठ्याने वाचलं जाणार आहे, म्हणून ‘केले, गेले, आजीने सांगितले’ हे पुस्तकी रूप काढून टाका. ‘केलं, गेलं, सांगितलं’ लिहा. आणि जोडाक्षरांना घाबरून शब्द पांगळे करू नका. ‘स्टँड’ला दुसरा शब्द कुठून आणणार? वाचून दाखवायचं पुस्तक आणि मुलाने स्वतः वाचायचं पुस्तक ही दोन वेगळी कामं आहेत, कुठलं करताय ते आधी ठरवा. यमकाचा हट्टही नको. ‘आली-गेली-झाली’ जुळवण्यासाठी क्रियापदं शेवटी ओढली की गोष्ट जागच्या जागी घुटमळते.

प्रकाशकाकडे पाठवताना पानवार मांडलेला मजकूर पाठवा: पान २-३, पान ४-५, असा. डमीचे फोटो जोडले तरी चालतात, काटक्यांची माणसं असली तरी बिघडत नाही. ओळखीच्या चित्रकाराकडून रंगीत चित्रं करून घेऊन पाठवू नका. चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशक निवडतो, आणि चित्रं पसंत पडली नाहीत तर चांगला मजकूरही त्यांच्याबरोबर परत येतो. चित्रात दुकानाच्या पाट्या, फळ्यावरची अक्षरं अशा गोष्टी लागतील असं लिहू नका. दुसऱ्या भाषेत आवृत्ती निघते तेव्हा फक्त काळ्या शाईची प्लेट, म्हणजे मजकूर छापायचा पत्रा, बदलतात, रंगीत चित्रात मिसळलेली अक्षरं तशीच अडकून राहतात.

करारात एकरकमी मानधन आहे की रॉयल्टी, हे विचारायला लाजू नका. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी देताय ते लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. सरावासाठी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ उत्तम आहे. तिथली चित्रं घेऊन स्वतःची गोष्ट रचता येते, चित्रकला न येणाऱ्याला यासारखी शाळा नाही. फक्त तिथे प्रकाशित केलेलं सीसी बाय या खुल्या परवान्याखाली येतं, श्रेय दिलं की कोणीही ते वापरू, बदलू, विकू शकतो. तेव्हा प्रकाशकासाठी राखलेली संहिता तिथे टाकू नका.

आणि हो, हे सगळं साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या पुस्तकांबद्दल आहे. त्याहून लहानांच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांची पानं आणि बांधणी वेगळी असते. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं लिहिणं आणि चित्र काढणं दोन्ही एकाच हातात असेल तर वरचे काही नियम आपोआप सुटतात. पण तुम्हीच म्हणताय की तसं नाही, म्हणून चित्रटीप लिहायला शिका.

चित्रटीप म्हणजे मजकुरात नसलेली पण गोष्टीला हवीच अशी बाब, कंसात, एका ओळीत. पान ४-५ साठी माझी टीप होती: (पिशवीत कोंबडी आहे, फक्त तुरा दिसतो. सुमीचं लक्ष नाही.) लुगड्याचा रंग, स्टँडवरची माणसं, ऊन की पाऊस, यातलं काही लिहिलं नाही. ते चित्रकाराचं आहे, आणि तो पुस्तकाचा निम्मा लेखक आहे. पानापानाला पाच ओळींच्या सूचना गेल्या की चांगले चित्रकार काम नाकारतात, आणि बरोबरच करतात.

याच टिपेवरून एका संपादकांशी माझं वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, कोंबडी शब्दांत आणा, नाहीतर मुलांना कळणार नाही. आणि शेवटी सुमीला वाटलं पाहिजे की सांगितलेलं काम लक्ष देऊन करावं, पालक बोध बघून पुस्तक घेतात. पालक तसं बघतात, हे खरं आहे. पण सुमीचं लक्ष नाही आणि ऐकणाऱ्या मुलाचं आहे, यावरच पुस्तक उभं आहे. मुलाला आजीपेक्षा, सुमीपेक्षा जास्त माहीत असतं, सात जोडपानं ते सुमीला ओरडून सांगत असतं. शेवटी बोधाचं वाक्य आलं की शहाणपण पुन्हा मोठ्यांकडे जातं आणि मुलाच्या हातून पुस्तक काढून घेतलं जातं. तेव्हा मला हे नीट मांडता आलं नाही, संहिता परत आली. तुम्हालाही हा प्रश्न येणारच. वाद घालू नका. डमीचं पान ४ चार वर्षांच्या कुठल्याही मुलासमोर धरा, ‘पिशवीवर लक्ष ठेव हं’ एवढंच वाचा आणि थांबा.