वाचकांचे प्रश्न : एक बाँड, सहा नट

प्रश्न : चवथीला आम्ही सगळे फोंड्याजवळच्या मूळ घरी जमलो होतो. आरत्या आटोपल्यावर रात्री जेम्स बाँडचा विषय निघाला आणि वाद बराच लांबला. माझे सासरे शॉन कॉनरीखेरीज दुसऱ्या कोणालाही बाँड मानायला तयार नाहीत, माझ्या यजमानांना रॉजर मूर आवडतो आणि मुलाला डॅनियल क्रेगच्या आधीचे सगळेच बाँड खोटे वाटतात. प्रत्येकाचा काळ निराळा, कथा निराळी. मग या नटांची तुलना करण्याची काही न्याय्य रीत आहे का? आणि आपले स्वतःचे मत काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अशी रीत आहे आणि आपल्याकडच्या नाट्यरसिकांना ती मुळीच नवी नाही. 'मानापमाना'तील धैर्यधर केशवराव भोसल्यांनी रंगवला, तसाच मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनीही रंगवला. पण नाटक तेच, पदे तीच, त्यामुळे प्रत्येकाने त्या पदांत स्वतःचे काय घातले ते ऐकणाऱ्याला चटकन कळत असे. बाँडपटांत ही सोय नाही. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत मूळ निर्मितीसंस्थेने २५ चित्रपट काढले आणि त्यांत सहा नटांनी ही भूमिका केली, परंतु संहिता दर वेळी नवी होती. म्हणून मी दिग्दर्शक कायम धरतो. या मालिकेत दोन-दोन बाँड हाताळलेले काही दिग्दर्शक आहेत : गाय हॅमिल्टनने कॉनरी आणि मूर, जॉन ग्लेनने मूर आणि टिमथी डाल्टन, मार्टिन कॅम्पबेलने पिअर्स ब्रॉस्नन आणि क्रेग यांना घेऊन चित्रपट केले. लुईस गिल्बर्टनेही कॉनरी आणि मूर या दोघांबरोबर काम केले, पण त्याच्या १९६७ च्या चित्रपटातील कॉनरी मला भूमिकेला कंटाळलेला दिसतो, म्हणून ती जोडी मी तुलनेला घेत नाही. त्या एका चित्रपटावरून कॉनरीला जोखणे अन्यायाचे होईल.

'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) बाँडला टेबलावर बांधून ठेवले आहे आणि लेसरचा किरण ते टेबल कापत त्याच्या दोन पायांच्या मधून वर सरकतो आहे. कॉनरीच्या कपाळावर घाम आहे, नजर किरणावरून हलत नाही, आणि चोरून ऐकलेल्या एका सांकेतिक नावाच्या जोरावर तो शत्रूला थाप मारू लागतो तेव्हा त्याच्या आवाजातले धैर्य उसने आणलेले आहे हे आपल्याला ऐकू येते. नऊ वर्षांनी 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये (१९७३) त्याच हॅमिल्टनने मूरला मगरींच्या तळ्यातील हातभर बेटावर एकटे सोडले. मूर घड्याळातील लोहचुंबकाने होडी ओढू पाहतो, होडी बांधलेली निघते, आणि अखेर तो मगरींच्या पाठींवर पाय टाकत पैलतीर गाठतो. (ती धाव प्रत्यक्षात जमैकातील त्या मगरपालन केंद्राचा मालक रॉस कनांगा याने घेतली होती आणि त्या माणसाचे धाडस कोणत्याही बाँडपेक्षा मोठे होते.) या सर्व वेळात मूरचा चेहरा पाहावा. त्यावर भीती नाही, तर गैरसोय झाल्याची किंचित नाराजी आहे. संकट तेवढेच प्राणघातक, दिग्दर्शक तोच. पण कॉनरीचा बाँड मरू शकतो असे आपल्याला वाटते आणि मूरचा बाँड मरणार नाही हे मूरच आपल्याला आधी सांगून टाकतो. आपल्या यजमानांना मूर आवडतो तो बहुधा याच अभयामुळे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

सासऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. कॉनरीला हा माणूस आयता मिळाला नव्हता. एडिंबरोच्या कष्टकरी घरातून आलेल्या, एके काळी दुधाचा रतीब घालणाऱ्या या नटाला कपडे कसे वागवावेत, रेस्टॉरंटमध्ये कसे बसावे, हे पहिल्या चित्रपटाचा दिग्दर्शक टेरेन्स यंग याने शिकवले. आपल्या शिंप्याकडे नेऊन त्याने कॉनरीसाठी सूट शिवून घेतले आणि अंगाला सवय व्हावी म्हणून ते घालून झोपायलाही सांगितले, असे सांगतात. मूळ लेखक इयान फ्लेमिंग याला ही निवड सुरुवातीला पसंत नव्हती. पुढे मात्र त्याचे मत इतके पालटले की १९६४ च्या कादंबरीत त्याने बाँडचे वडील स्कॉटिश असल्याचे लिहून टाकले. लेखकाच्या पात्राला नटाने वडिलांचा मुलूख मिळवून दिला, याहून मोठी पावती कोणती? २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये क्रेग स्कॉटलंडमधील ज्या वडिलोपार्जित घरात जातो, त्या घराचा पाया कॉनरीने घातलेला आहे, हे आपण मुलाला अवश्य सांगावे.

आता मूर आणि डाल्टन. ग्लेनने १९८१ ते १९८९ या काळात लागोपाठ पाच बाँडपट केले आणि त्यांपैकी दोन चित्रपटांत जवळजवळ एकच प्रसंग आहे : सहकारी मारला जातो आणि बाँड मारेकऱ्याचा माग घेतो. 'फॉर युअर आईज ओन्ली'मध्ये मारेकऱ्याची मोटार कड्याच्या टोकावर लटकते आहे. मूर मृत सहकाऱ्याजवळ सापडलेली कबुतराच्या आकाराची पिन त्याच्याकडे फेकतो आणि मोटारीला लाथ मारून तिला दरीत लोटतो. हा थंडपणा आपल्या बाँडला शोभत नाही असे मूरला वाटत होते आणि त्याने तसे सांगितलेही; तरीही त्याच्या सातही चित्रपटांत मला सर्वांत खरा वाटलेला क्षण हाच आहे. 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये (१९८७) व्हिएन्नाच्या जत्रेच्या मैदानात, सुरुवातीपासून ज्याच्याशी खटके उडत होते त्या सहकाऱ्याचे डाल्टन नुकतेच आभार मानतो आणि काही क्षणांत तो मारला जातो. मारेकऱ्याने सोडलेला फुगा गडगडत येतो. डाल्टन त्यावरची अक्षरे वाचतो, तो मुठीत आवळून फोडतो, पिस्तूल उपसून कुंपणापलीकडच्या फुग्यांमागे धावतो, आणि समोर येते एक लहान मूल व त्याची आई. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यात संताप आहे, आपण काय करून बसलो असतो याची जाणीव आहे आणि पुन्हा आवरून घेण्याची धडपडही आहे. तीन भावना, एक-दोन सेकंद, शब्द एकही नाही. रंगभूमीवर शेक्सपिअर करून आलेला आणि फ्लेमिंगच्या कादंबऱ्या बारकाईने वाचून भूमिकेला बसलेला हा नट होता, हे तेथे दिसते.

कॅम्पबेलची जोडी मुलासाठी. 'गोल्डनआय'मध्ये (१९९५) समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या बाँडला नायिका विचारते की तू इतका थंड कसा राहू शकतोस; तो म्हणतो, त्यामुळेच मी जिवंत आहे; आणि ती उत्तर देते की त्यामुळेच तू एकटा आहेस. संवाद उत्तम आहे, ब्रॉस्नन तो नीट म्हणतो, सुंदरही दिसतो, पण दुखावलेपण संवादात राहते आणि माणूस तसाच नीटनेटका उरतो. अकरा वर्षांनी 'कसिनो रॉयाल'मध्ये तोच दिग्दर्शक तोच प्रश्न क्रेगसमोर ठेवतो. जिन्यावर दोन माणसांना मारल्यानंतर क्रेग आरशासमोर रक्त धुतो, दारूचा घोट घेतो, सदरा बदलून पुन्हा पत्त्यांच्या टेबलाशी जातो. परत आल्यावर नायिका वेस्पर अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली थरथरत बसलेली दिसते, तेव्हा तोही कपड्यांनिशी तिच्या शेजारी बसतो. तिने कपड्यांनिशीच बसावे ही सूचना क्रेगची होती, आणि तिच्यामुळे दृश्याला जी लाज, जी माया मिळाली ती पटकथेत आधी नव्हती. नटाने भूमिकेत काय घातले, याचे एवढे स्वच्छ उदाहरण या मालिकेत दुसरे नाही.

क्रेगची मारामारी वेगळी वाटते त्याचा एक धागा आपल्या गोव्यातूनही जातो. जेसन बोर्न या विस्मृतीग्रस्त हेराच्या २००४ च्या चित्रपटाची सुरुवात येथे चित्रित झाली आहे; त्या चित्रपटाच्या साहसदृश्यांवर काम केलेला डॅन ब्रॅडली पुढे क्रेगच्या दुसऱ्या बाँडपटाकडे गेला. धाप लागणारा, खरचटणारा हेर प्रेक्षकांनी आधी बोर्नच्या रूपाने पाहिला होता.

आपण माझे मत विचारले आहे. पात्र घडवले कॉनरीने, अभिनयाचा पल्ला सर्वांत मोठा क्रेगचा. पण माझी स्वतःची पसंती डाल्टनला आहे. क्रेगला पाच चित्रपट, पंधरा वर्षे आणि त्याच्यासाठी नव्याने मांडलेली कथा मिळाली. डाल्टनला मूरसाठी सरावलेल्या चमूत, मूरच्या गमतींची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर फक्त दोन चित्रपट मिळाले. नंतर कंपनीच्या मालकीच्या तंट्यांत मालिका सहा वर्षे अडकली आणि तो परतलाच नाही. क्रेगचे ज्यासाठी कौतुक झाले, ते बरेचसे डाल्टनने 'लायसन्स टू किल'मध्ये १९८९ सालीच करून दाखवले होते.

प्रश्न : माझे थोरले बंधू सांगतात की आम्ही लहान असताना रॉजर मूर चित्रीकरणासाठी गोव्यात आला होता. तो बाँडपट होता का? भारतातले त्याचे बाँडचे चित्रीकरण उदयपूरचे, एवढेच मला ठाऊक आहे.
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपल्या बंधूंची आठवण बरोबर आहे, मात्र तो बाँडपट नव्हता. 'द सी वुल्व्ज' हा तो चित्रपट, १९८० साली प्रदर्शित झालेला, आणि त्याचा विषय तर आपल्या दारातला आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव बंदरात आश्रयाला थांबलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावरून ब्रिटिश जहाजांची माहिती पाणबुड्यांना पुरवली जात असल्याचा संशय होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या हौशी पलटणीतील वयस्क मंडळींनी समुद्रमार्गे येऊन त्या जहाजावर छापा घातला. चित्रपटात मूरबरोबर ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन होते. यांतल्या निव्हननेही १९६७ च्या एका विडंबनपटात वृद्ध बाँड रंगवला होता, म्हणजे मूळ मालिकेबाहेरचा एक आणि आतला एक, असे दोन बाँड त्या वेळी गोव्यात वावरत होते.

मूरच्या तुलनेसाठीही हा चित्रपट उपयोगी आहे. त्याचा ब्रिटिश अधिकारी गोव्यातील मेजवान्यांत उंची पोशाखात वावरतो, शत्रुपक्षाच्या हेर स्त्रीकडे ओढला जातो, म्हणजे हालचाली सगळ्या बाँडच्याच; परंतु येथे विनोदाचा आधार कमी आहे आणि चेहऱ्यावर वय दिसू दिले आहे. मूर हा कॉनरीहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता, हे पुष्कळांना माहीत नसते. मूरचा स्वतःचा पहिला बाँडपट प्रदर्शित झाला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता आणि 'अ व्ह्यू टू अ किल'च्या वेळी ५७ वर्षांचा. उदयपूरला झालेला 'ऑक्टोपसी' (१९८३) आणि हा गोव्यातला चित्रपट पाठोपाठ पाहिल्यास, मूरला गंभीर होता येत होते, परंतु बाँड म्हणून त्याने हलकेपणा जाणूनबुजून निवडला होता, असेच आपल्याला वाटेल.

प्रश्न : जॉर्ज लेझनबी एकाच चित्रपटात बाँड झाला. तो इतका वाईट नट होता का?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : नट म्हणून तो कच्चा होता. ऑस्ट्रेलियातून आलेला हा जाहिरातींतला मॉडेल होता आणि अभिनयाचा अनुभव त्याला नव्हताच. लांब संवादांत ते जाणवतेही. पण त्याला काढलेले नाही. असल्या हेराचे दिवस संपले, या सल्ल्यावर विश्वास ठेवून त्याने स्वतःच पुढचे चित्रपट नाकारले आणि १९७१ च्या चित्रपटासाठी कॉनरीला मोठे मानधन देऊन परत आणावे लागले.

'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'चा (१९६९) शेवट मात्र त्याच्याकडून हिरावून घेता येणार नाही. लग्न होऊन तासही लोटला नसेल तोच बाँडच्या पत्नीला गोळी लागते. पोलीस जवळ येतो आणि ती निजली आहे, आम्हांला घाई नाही, असे लेझनबी त्याला सांगतो. कसलेल्या नटाने येथे काहीतरी करून दाखवले असते. याला करून दाखवता येत नाही, म्हणून तो नुसता सुन्न बसतो, आणि ते सुन्नपण खरे वाटते.

पुढच्या नटांना हा प्रसंग वारशाने मिळाला. 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये (१९७७) कोणी पत्नीचा उल्लेख करताच मूर वाक्य मध्येच तोडतो, आणि त्या सबंध चित्रपटात त्याचे हसू तेवढ्याच क्षणी मावळते. 'लायसन्स टू किल'मध्ये नवी नवरी थट्टेने बाँडला पुढचा नंबर तुझा असे सुचवते, तेव्हा डाल्टन निरोप घेऊन वळतो आणि चालू लागतो. याचे लग्न झाले होते, फार पूर्वी, हे त्याचा मित्र बायकोला नंतर सांगतो. हे दोन चित्रपट आपण याच क्रमाने पाहावेत, आधी लेझनबीचा आणि मग डाल्टनचा.